शेतराखणीसाठी कारवानी पिल्लू घेताना : पैदासकार कसा पारखावा?

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर उचलून बघतो, चार पावले चालवून घेतो. गाय घेताना धार काढून पाहिल्याशिवाय विसार देत नाही. बियाण्याच्या पिशवीवरील टॅग आणि पावतीही जपून ठेवतो. कुत्र्याचे पिल्लू मात्र अनेकदा मोबाईलवरील फोटो पाहून किंवा आठवडी बाजारात पाटीतून उचलून घरी आणले जाते. पुढची दहा-बारा वर्षे ते वस्तीवर राहणार असते. लेकराबाळांत, गोठ्यात, शेळ्यांमध्ये वावरणार असते. तरीही त्याची निवड पाच मिनिटांत उरकली जाते.

घाईने आणलेल्या पिल्लांबाबत पशुवैद्यकीय दवाखान्यात वारंवार दिसणारा प्रकार असा. पिल्लू पहिले तीन-चार दिवस चांगले खेळते. पाचव्या दिवशी खाणे सोडते, उलट्या सुरू होतात, मग रक्तमिश्रित व उग्र वासाची हगवण लागते. सलाईन लावूनही पुष्कळ पिल्ले हाती लागत नाहीत. हा पार्व्हो विषाणूचा आजार असतो आणि बहुतेक वेळा पिल्लू तो विक्रेत्याकडूनच घेऊन आलेले असते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार ते सात दिवस जातात. म्हणून खरेदीच्या दिवशी पिल्लू निरोगी दिसले, एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. पिल्लू ज्याच्याकडून घ्यायचे तो पैदासकार, त्याची जागा आणि पिल्लाची आई या तीन गोष्टी पारखल्या, तरच निवड बऱ्यापैकी खात्रीची होते.

आधी गरज ठरवा

कोणी आले की भुंकून सूचना मिळावी एवढीच अपेक्षा असेल, तर जातिवंत पिल्लू विकत घेण्याची गरज नाही. गावातीलच निरोगी गावठी पिल्लू पाळावे, त्याचे लसीकरण व नसबंदी करावी. ते आपल्या हवामानाला सरावलेले असते, मिळेल त्या अन्नावर भागवते आणि राखणही चोख करते.

मोठे क्षेत्र, विखुरलेली वस्ती, पिकात शिरणारी रानडुकरे किंवा मेंढ्यांचा कळप असेल, तर अनेक शेतकरी कारवानी कुत्र्याला पसंती देतात. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात आणि कर्नाटकच्या सीमाभागात ही कुत्री पूर्वापार पाळली जातात. उंच पाय, खोल छाती, आत गेलेले पोट, लांबट डोके आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही, अशी त्यांची ठेवण असते. पूर्ण वाढीच्या कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, तर वजन २० ते २८ किलोच्या आसपास भरते. मादी थोडी लहान असते. कान, पाय व शेपटीवर लांब रेशमी केस असणाऱ्या प्रकाराला पश्मी म्हणतात.

कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील मुधोळवरून याच कुत्र्याला मुधोळ हाउंड हे नाव पडले. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या संवर्धनाला आश्रय दिला. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅरावान हाउंड’ नावाने करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ नावाने करतो. त्यामुळे एक विक्रेता कारवानी म्हणतो आणि दुसरा मुधोळ म्हणतो, यात लगेच फसवणूक समजू नये. मात्र ‘मुधोळ वेगळी, खास जात आहे’ असे सांगून कोणी जादा पैसे मागत असेल, तर त्याला भुलू नये. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. सीमाभागातील शेतकऱ्यांनी तेथे चौकशी करणे फायद्याचे ठरते.

हे कुत्रे नजरेवर काम करणारे आहे. लांबवर हललेले त्याला दिसते आणि ते झेप घेते. म्हणून त्याला रोज मोकळे पळायला जागा लागते. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवल्यास ते चिडके बनते. लहानपणापासून कोंबड्या-करडांची सवय लावली नाही, तर तेच पुढे त्यांच्या मागे लागते. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला सहसा खपत नाही. या गोष्टी आपल्या वस्तीवर जमणार असतील तरच पुढे जावे.

कायदा काय सांगतो?

कुत्र्यांची पैदास व विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली स्वतंत्र नियम केले आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला ते लागू आहेत. खरेदीदाराने त्यातील पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

- पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. नोंदणीची मुदत दोन वर्षांची असते. प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावलेले असावे.
- आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.
- १८ महिने पूर्ण होण्यापूर्वी मादीपासून पैदास करता येत नाही. वय आठ वर्षांपेक्षा जास्त असलेली मादीही वापरता येत नाही.
- बारा महिन्यांत एकच वेत घ्यावे आणि मादीच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घेऊ नयेत.
- विक्रीच्या पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असावी. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मधल्या भागात कातडीखाली बसवतात आणि स्कॅनरने तिचा क्रमांक वाचता येतो.
- शेपटी छाटणे, कान कापणे यांना मनाई आहे.
- लगेच विक्री व्हावी म्हणून सार्वजनिक ठिकाणी पिल्ले मांडून बसता येत नाही.

ग्रामीण भागात प्रत्यक्ष चित्र वेगळे आहे. कारवानी सांभाळणारे बहुतेक जण शेतकरी किंवा मेंढपाळ असतात. दोन-तीन माद्या पाळतात आणि वर्षातून एखादे वेत विकतात. त्यांतील अनेकांना या नियमांची माहिती नसते. नोंदणी आहे का, हे प्रत्येकाला विचारावेच. नोंदणी असणाऱ्याला पहिली पसंती द्यावी. नसेल तर पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जाऊन नोंदणीची माहिती घ्या, असे त्याला सुचवावे. दुसरीकडे, नुसते प्रमाणपत्र भिंतीवर आहे म्हणून कुत्री चांगली सांभाळली जात असतील, असेही नाही. कागद आणि जागा, दोन्ही पाहावे.

फोनवरच विचारायचे प्रश्न

गाडीभाडे खर्च करून जाण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. उत्तरे वहीत टिपून ठेवावीत आणि प्रत्यक्ष भेटीत पडताळून पाहावीत.

१. पिल्ले कोणत्या तारखेला जन्मली? वेतात किती होती आणि आज किती आहेत? कमी झाली असतील तर कशाने?
२. आई तुमच्याकडेच आहे का? तिचे वय किती, हे कितवे वेत, आधीचे वेत कधी झाले?
३. नर कोणाचा वापरला? त्याचे आणि मादीचे काही नाते आहे का?
४. आईला गाभण राहण्यापूर्वी कोणत्या लसी दिल्या होत्या? पिल्लांना जंतनाशक कधी पाजले?
५. तुमच्या जागेवर गेल्या सहा महिन्यांत पार्व्हो किंवा डिस्टेंपर झाला होता का?
६. पिल्लू नेल्यावर आजारी पडले तर काय व्यवस्था?

चांगला पैदासकार या प्रश्नांना कंटाळत नाही. उलट तोच तुम्हाला विचारू लागतो : वस्ती रस्त्यालगत आहे का, कुंपण आहे का, रात्री कुत्रे कुठे ठेवणार, घरात लहान मुले किती, आधी कुत्रे होते का आणि ते कशाने गेले? काही वेळा तो ‘तुमच्याकडे ही जात टिकणार नाही’ असे तोंडावर सांगतो. अशा माणसाचा राग मानू नये. आपले पिल्लू कुठे जाते याची त्याला काळजी आहे, याची ती खूण आहे.

याउलट ‘आजच पैसे पाठवा, दोनच पिल्ले राहिलीत’, ‘येण्याची गरज नाही, ट्रॅव्हल्सने पाठवतो’, ‘आई गावाकडे आहे’ अशी भाषा सुरू झाली, की व्यवहार तिथेच थांबवावा. प्रत्यक्ष न पाहता आगाऊ रक्कम पाठवू नये. फोटोतील पिल्लू आणि डिकीतून आलेले पिल्लू एकच असेल, याची खात्री कोणी देत नाही.

प्रत्यक्ष भेटीत काय पाहावे?

*आई :* सर्वांत आधी आई पाहावी. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरावे. व्यायल्यामुळे आणि पाजल्यामुळे ती थोडी रोडावलेली असणे स्वाभाविक आहे. मात्र अंगावर खरूज, जखमा, गोचिडांचे थर नसावेत. स्तन ओघळलेले दिसतात, पण त्यात गाठी किंवा सूज नसावी. मालकाला पाहून ती शेपटी हलवते की अंग चोरून कोपऱ्यात बसते, हे पाहावे. पिल्लांजवळ परक्याला पाहून ती गुरगुरली तर तो दोष नाही. मालकाने हाक मारल्यावर ती शांत होते का, हे महत्त्वाचे. आईचा भित्रेपणा किंवा अकारण चावरेपणा पिल्लांत उतरण्याची शक्यता असते.

आईच्या लसीकरणाचे महत्त्व पशुपालकाला वेगळे सांगायला नको. वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजल्यावर जशी रोगप्रतिकारशक्ती मिळते, तशीच पिल्लांना आईच्या चिकातून मिळते. आईलाच लस नसेल तर पिल्लांना मिळणारे संरक्षणही तोकडे राहते.

*नर :* नर दुसऱ्या गावचा असेल तर त्याच्या मालकाचा पत्ता घ्यावा, जमल्यास नर पाहून यावे. एखाद्या भागात एकच नामांकित नर सगळ्यांच्या माद्यांना वापरला जातो. तीन-चार वर्षांनी त्याच्याच लेकी, नाती पुन्हा त्याच्याकडे नेल्या जातात. अशा जवळच्या नात्यातील पैदाशीतून वेत लहान होणे, पिल्ले अशक्त निघणे, जबडा वर-खाली बसणे, नराचे वृषण पोटातच राहणे असे दोष वाढत जातात. शेळीपालनात बोकड बदलण्याचा जो नियम आपण पाळतो, तोच येथे लागू आहे.

*जागा :* पिल्ले कोरड्या, हवेशीर जागी असावीत. जुनी विष्ठा साचलेली, उग्र वास येणारी, उंदीर-माश्यांचा वावर असलेली जागा म्हणजे जंत आणि रोगांचे घर. पाणी स्वच्छ आहे का, हे पाहावे. चार-पाच वेगवेगळ्या जातींची पिल्ले एकाच पिंजऱ्यात दिसली, तर तो माणूस पैदासकार नसून ठिकठिकाणची पिल्ले गोळा करून विकणारा व्यापारी असण्याची शक्यता जास्त. अशा ठिकाणी एका पिल्लाचा आजार सगळ्यांना लागतो.

*आहार :* आई व पिल्लांना काय खाऊ घालतात, हे विचारावे. खाटकाकडील कच्चे आतडे-फुफ्फुस घालत असतील तर सावध व्हावे. त्यातील गाठींमधून कुत्र्याला फीतकृमीची लागण होते. पुढे कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी पसरून मेंढ्या-शेळ्यांच्या आणि माणसाच्याही यकृतात, फुफ्फुसांत पाण्याच्या गाठी होऊ शकतात.

पिल्लाची तपासणी

पिल्ले भुकेली असताना, शक्यतो सकाळी पाहावीत. सगळे वेत एकत्र पाहावे. एकच पिल्लू बाहेर आणून दाखवले तर बाकीची कशी आहेत, हे कळत नाही.

- वय : पिल्लाचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात आणि दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात साधारणपणे सर्व २८ दुधाचे दात आलेले असतात. ‘दोन महिन्यांचे’ म्हणून दाखवलेल्या पिल्लाच्या दाढा अजून वर आल्या नसतील, चालताना ते डुलत असेल, तर ते महिना-सव्वा महिन्याचे असू शकते.
- डोळे व नाक : डोळे स्वच्छ, चिपडे नसलेले. नाकातून घट्ट स्राव आणि खोकला असेल तर डिस्टेंपरची शंका घ्यावी.
- हिरड्या : गुलाबी असाव्यात. फिकट पांढरट हिरड्या जंत, पिसवा किंवा गोचीड तापाकडे बोट दाखवतात.
- पोट : बाकी अंग बारीक आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे असेल तर जंतांचा भार समजावा. बेंबीजवळ मऊ फुगवटा असल्यास हर्निया असू शकतो.
- मागची बाजू : शेपटीखालचे केस विष्ठेने चिकटलेले नसावेत.
- जबडा : वरचे व खालचे दात कात्रीसारखे जुळावेत.
- चाल : मोकळ्या जागेत पळवून पाहावे. लंगडणे, मागचे पाय ओढणे नसावे.
- स्वभाव : किल्ल्या किंवा भांडे वाजवावे. दचकून पुन्हा कुतूहलाने जवळ येणारे पिल्लू चांगले. कोपऱ्यात लपून बाहेरच न येणारे किंवा उचलताच सतत चावणारे पिल्लू टाळावे.

वेतातील सर्वांत मोठे किंवा सर्वांत आक्रमक पिल्लू म्हणजे सर्वांत चांगला राखणदार, असा समज आहे. तो बरोबर नाही. धीट पण माणसाळलेले पिल्लू पुढे शिकायला सोपे जाते. रंगावरही भाळू नये. रंगामुळे राखण सुधारत नाही.

एका पिल्लाला हगवण दिसली तर त्याच वेतातील ‘बरे’ पिल्लूही घेऊ नये. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा यावे.

आठ आठवड्यांचा नियम का पाळावा?

‘लहान असतानाच न्या, म्हणजे लळा लागतो’ असे विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात चार-पाच आठवड्यांत तोडलेल्या पिल्लाचे दुहेरी नुकसान होते. आईचे दूध अचानक तुटल्याने पचन बिघडते आणि ते रोगाला लवकर बळी पडते. दुसरे नुकसान स्वभावाचे. भावंडांशी खेळताना जोरात चावले की समोरचे पिल्लू केकाटते, आई दटावते. त्यातूनच दात किती जोराने लावायचा, हे पिल्लू शिकते. हे शिक्षण न मिळालेले कुत्रे पुढे खेळतानाही जोरात चावते. ज्या वस्तीवर लहान मुले आहेत तेथे हा धोका पत्करू नये.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचा काळ पिल्लाच्या शिकण्याचा असतो. या काळात माणसे, शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टरचा आवाज यांची ओळख झाली तर पुढे ते या गोष्टींना बिचकत नाही. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत कोंडून वाढवलेल्या पिल्लापेक्षा घराच्या अंगणात, जनावरांच्या सोबत वाढलेले पिल्लू शेतकऱ्यासाठी केव्हाही चांगले.

कागदपत्रे व पावती

पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी हातात घ्याव्यात.

१. लसीकरण कार्ड : त्यावर तारीख, लसीच्या बाटलीवरील चिकटपट्टी, पशुवैद्यकाची सही व शिक्का असावा. केवळ पेनाने लिहिलेल्या तारखा ग्राह्य धरू नयेत.
२. जंतनाशक पाजल्याच्या तारखा व औषधाचे नाव.
३. जन्मतारीख, आई-वडिलांची नावे, चिप क्रमांक.
४. विक्रीची सही असलेली पावती : त्यात रक्कम, तारीख आणि पिल्लाचे वर्णन असावे.
५. ठरलेली अट लेखी : उदाहरणार्थ, सात दिवसांच्या आत पशुवैद्यकाने तपासून रोग आढळल्यास पिल्लू परत घेणे किंवा उपचाराचा खर्च देणे.

केनेल क्लबची नोंदणी दाखवली जात असेल, तर कागदावरील चिप क्रमांक पिल्लाच्या चिपशी जुळतो का, हे दवाखान्यातील स्कॅनरवर तपासावे. असा कागद वंशावळ सांगतो, आरोग्याची हमी देत नाही. खेड्यातील अनेक चांगल्या कारवानी कुत्र्यांकडे असा कागद नसतो. केवळ त्यामुळे ती कमअस्सल ठरत नाहीत.

या चुका टाळा

*जोडी घेणे :* एकाच वेतातील नर-मादी ‘जोडी’ म्हणून घेण्याची पद्धत आहे. ती दोघे सख्खी भावंडे असतात. मादी माजावर आली की वस्तीवर त्यांचाच संकर होतो आणि सदोष पिल्ले जन्मतात. दोन कुत्री हवीच असतील तर वेगळ्या घराण्यातील घ्यावीत आणि काही महिन्यांच्या अंतराने आणावीत. पैदास करायची नसेल तर नसबंदी करून घ्यावी. कारवानीच्या अंगात चरबी कमी असल्याने काही प्रकारच्या भुलीतून, विशेषतः बार्बिट्युरेट गटातील औषधातून, ती उशिरा सावरतात. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकाला कुत्र्याची जात जरूर सांगावी.

*शिकारीच्या चित्रफितींवर विश्वास :* सशाच्या मागे कुत्री सोडल्याच्या चित्रफिती दाखवून काही जण पिल्ले विकतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सशाची शिकार गुन्हा आहे. अशा व्यवहारात आपले नाव गुंतवू नये. शिवाय शिकारीला लावलेले कुत्रे करडांच्या मागेही लागू शकते.

*बिबट्यासाठी कुत्रे :* जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर यांसारख्या ऊसपट्ट्यात बिबट्या हमखास कुत्री उचलतो. कोणत्याही जातीचे एकटे कुत्रे बिबट्याला रोखू शकत नाही. या भागात कुत्र्याला रात्री उघड्यावर साखळीने बांधणे म्हणजे त्याला भक्ष्य म्हणून ठेवण्यासारखे आहे, आणि त्याच्या ओढीने बिबट्या घरापर्यंत येतो. बंदिस्त जाळीची सोय करता येत नसेल तर पिल्लू आणूच नये.

*जुन्या जागी नवे पिल्लू :* आपल्याच वस्तीवर आधी पिल्लू पार्व्होने दगावले असेल, तर तो विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. अशा ठिकाणी लसीचे सर्व डोस पूर्ण झालेलेच पिल्लू आणावे. भांडी व फरशी ब्लीचिंगच्या द्रावणाने धुवावी, जुनी गोणपाटे जाळावीत.

पिल्लू घरी आणल्यावर

पहिल्या दोन दिवसांत पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. पैदासकाराने लेखी मान्य केलेली मुदत त्यासाठीच असते. दहा दिवस पिल्लाला गावातील इतर कुत्र्यांत मिसळू देऊ नये. पैदासकाराकडे जो आहार होता तोच पहिले आठ दिवस द्यावा, नंतर हळूहळू बदल करावा. नुसत्या दूध-भाकरीवर वाढत्या पिल्लाची प्रथिनांची गरज भागत नाही. अंडी, शिजवलेले मांस किंवा तयार खाद्य यांची जोड द्यावी. कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. नाशिक, सांगलीकडील द्राक्ष बागायतदारांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गाय व्यायल्यावर पडलेली वार किंवा गाभडलेले वासरू कुत्र्याला खाऊ देऊ नये. त्यातून निओस्पोरा या परजीवीचे चक्र सुरू राहून गाई पुन्हा गाभडू शकतात.

एकत्रित लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आणि त्यानंतर तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत द्यावेत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस पूर्ण काम करत नाही, म्हणून एकाच डोसवर थांबू नये. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात, नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने बूस्टर व पुढे दरवर्षी द्यावी. पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक द्यावे.

पिल्लू लहान आहे म्हणून त्याचा दात लागलेला किरकोळ समजू नये. लहान पिल्लालाही रेबीज होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. हळद, मिरची, चुना लावू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- आपल्या कार्यक्षेत्रात कुत्री पाळून पिल्ले विकणाऱ्यांची यादी करावी. त्यात मादीचे वय, वेतांची संख्या, वापरलेला नर आणि लसीकरण यांची नोंद ठेवावी. कोणता नर किती ठिकाणी वापरला गेला, हे यादीवरून लगेच कळते आणि नात्यातील पैदास टाळता येते.
- अशा पशुपालकांना २०१७ चे नियम समजावून नोंदणीसाठी मदत करावी. दंडाची भीती दाखवण्याऐवजी नोंदणीमुळे चांगला भाव व विश्वास मिळतो, हे पटवून द्यावे.
- २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनानिमित्त होणाऱ्या लसीकरण शिबिरात वस्त्यांवरील राखणीची कुत्री आवर्जून आणवावीत. गावातील मोकाट कुत्र्यांपेक्षा तीच घरातील मुलांच्या अधिक जवळ असतात.
- एकाच गावातील तीन-चार शेतकऱ्यांना पिल्ले घ्यायची असल्यास त्यांनी एकत्र जाऊन पैदासकाराची जागा पाहावी. जमल्यास सोबत पशुधन पर्यवेक्षकांना न्यावे. चार माणसांच्या नजरेतून दोष सुटत नाहीत आणि अटी लेखी घेणेही सोपे जाते.

मनासारखे वेत मिळायला दोन-चार महिने थांबावे लागले तरी हरकत नाही. कारवानी मादी वर्षातून एकदाच पिल्ले देत असेल आणि चांगल्या पैदासकाराकडे आधीच मागणी नोंदवलेली असेल, तर प्रतीक्षा करावीच लागते. तोपर्यंत कुंपण, रात्रीची बंदिस्त जागा आणि जवळच्या दवाखान्याचा फोन क्रमांक एवढी तयारी करून ठेवावी. पिल्लू आणायला जाल तेव्हा पैदासकार तेच आधी विचारेल.